सहा कुप्या आणि एक हिशेब

एप्रिल २०२१मध्ये पुण्यातल्या एका औषधाच्या दुकानाबाहेर मी पहाटेपासून रांगेत उभी होते. धाकट्या दिराला ऑक्सिजन लावला होता आणि चिठ्ठीवर रेमडेसिविरच्या सहा कुप्या लिहिलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या मिळाल्या. कितीला, ते इथे सांगत नाही. आरोग्याचे अर्थशास्त्र शिकवणारी बाई त्या रांगेत काय करत होती, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

कारण ऑक्टोबर २०२०मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीचे निष्कर्ष आले होते : रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू या औषधाने लक्षणीय कमी होत नाहीत. नोव्हेंबरात संघटनेने ते देऊ नये अशी सशर्त शिफारसही केली. औषध अगदीच निरुपयोगी होते असे नाही. एका अमेरिकी चाचणीत बरे होण्याचा काळ १५ दिवसांवरून १० दिवसांवर आला होता. पण त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक पंचमांशाने घटतात असे दाखवले होते. त्याच्यासाठी रांग लागल्याचे मी पाहिले नाही.

आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन म्हणतात ते नेमके इथे कामाला येते. ‘औषध चालते का?’ एवढे विचारून ते थांबत नाही. कशाच्या तुलनेत चालते, कोणाला, आणि तोच पैसा, तीच परिचारिका, तीच खाट दुसरीकडे वापरली असती तर काय साधले असते, हेही ते विचारते. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली ‘एचटीए-इन’ ही यंत्रणा हेच काम करते. एरवी अशा अभ्यासाला महिनोन्‌महिने लागतात. साथीत तेवढी सवड कुठली? म्हणून तुटपुंज्या पुराव्यावर तात्पुरता निर्णय घ्यायचा आणि तो पुन्हा कधी तपासायचा याची तारीख त्याच कागदावर लिहायची. माझ्या मते ही तारीखच सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच राहून जाते.

प्लाझ्माचेच पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली. आजार बळावणे किंवा मृत्यू, दोन्हींत फरक पडला नाही. निष्कर्ष ऑक्टोबर २०२०मध्ये छापून आले. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१मध्ये. मधल्या काळात ‘बी पॉझिटिव्ह दाता हवा’ असे किती निरोप मी स्वतः पुढे पाठवले!

एप्रिल २०२२मध्ये, नवा पुरावा आल्यावर, संघटनेने रेमडेसिविरबद्दलचे मत बदलले : आजार सौम्य, पण रुग्णालयात जाण्याचा धोका मोठा, अशांना ते द्यावे. म्हणजे रांगेत उभ्या असलेल्यांच्या रुग्णांना नव्हे, त्याच्या कितीतरी आधी.

दीर बरा झाला. त्या सहा कुप्यांमुळेच, असे सासूबाई अजून म्हणतात. डेक्सामेथासोनही त्याला पहिल्या दिवसापासून चालू होते. मी वाद घालत नाही.