नगरच्या दौलतीचें बंदर

गेल्या हिवाळ्यांत नगरच्या – आतां अहिल्यानगरच्या – भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकांठीं उभे असतां आमच्या नातवानें प्रश्न केला, "आजोबा, निजामशहाजवळ इतके घोडे कोठून येत?" "अरबस्तानांतून," असें आम्हीं सांगितलें. "मग ते जहाजांतून उतरत कोठें?" या दुसऱ्या प्रश्नाशीं मात्र आम्ही अडखळलों. चांदबिबीचा पराक्रम आम्हीं वर्षानुवर्षें मुलांस शिकविला. परंतु नगरच्या राज्यास समुद्राचें एक दार होतें, हें वर्गांत एकदांही सांगितलें नव्हतें. ही उणीव भरून काढावी, या हेतूनें अलिबागेस आप्तांकडे गेलों असतां नातवास बरोबर घेऊन एक सबंध दिवस चौल-रेवदंड्यास पायीं हिंडण्यांत घालविला.

अलिबागेहून चौल सुमारें 15 किलोमीटर. सकाळच्या एस.टी.नें उतरून प्रथम रामेश्वराचें दर्शन घेतलें. समोर प्रशस्त पुष्करिणी असून देवळांत अग्नि, वायु व पर्जन्य अशीं तीन कुंडें आहेत. अवर्षण पडलें म्हणजे पर्जन्यकुंड उघडीत, असें सांगतात. सदैव आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या जिल्ह्यांतील माणसाचे हात तेथें आपोआप जोडले गेले. ग्रीक भूगोलकार टॉलेमीचें 'सिमुल्ल' व अरब प्रवाशांचें 'सैमूर' तें हेंच, असें विद्वान् मानितात. इतकें पुरातन शहर. पण आज शोधूं जातां नारळी-पोफळींच्या वाड्या, तांबडीं कौलें आणि मधूनच एखादी पडकी भिंत, एवढेंच दिसतें. एका वाडींत शहाळें घेण्यास थांबलों. "काका, आमची वाडी म्हणजे जुनी पेठच," मालक म्हणाले, "कुदळ मारली कीं खापऱ्या निघतात."

तेथून तासाभराच्या वाटेवर रेवदंडा. अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचें स्मारक येथें उभारलें आहे. सुमारें 1470 सालीं एक घोडा विकण्यासाठीं घेऊन हा गृहस्थ चौलास उतरला व पुढें जुन्नरास गेला. तेथील अंमलदारानें घोडा हिरावून घेतला. दुसऱ्या एका सज्जनाच्या रदबदलीनें तो परत मिळाला. त्याच जुन्नराहून कारभार पाहणाऱ्या मलिक अहमदानें 1490 सालीं स्वतंत्र होऊन 1494 मध्यें नगर वसविलें. नातवाच्या प्रश्नाचें उत्तर असें एका घोड्याच्या पाठीवर बसून आलें होतें!

पण उत्तराचा उत्तरार्ध कडू आहे. 1521 सालीं बुऱ्हाण निजामशहानें पोर्तुगीजांस येथें किल्ला बांधण्याची परवानगी दिली, ती घोड्यांचा पुरवठा होत राहावा म्हणून. घोडे आले, परंतु दाराची किल्ली परक्याच्या हातीं गेली. मुर्तजा निजामशहानें 1570-71 मध्यें महिनोगणती वेढा घातला, तो व्यर्थ गेला. खाडीपलीकडील कोर्लईच्या डोंगरावरील नगरचें ठाणेंही 1594 सालीं पोर्तुगीजांनीं जिंकलें. अवघ्या 6 वर्षांनीं, 1600 मध्यें, खुद्द नगरचा किल्ला मोंगलांच्या हातीं पडला. आम्ही मुलांस हा शेवटचा सन तेवढा पाठ करावयास लावीत असूं.

रेवदंड्याच्या कोटांतूनच आज रस्ता जातो व आंत वस्ती नांदते. सातखणी मनोऱ्याचे सातांपैकीं कांहीं खणच उरले आहेत. वसईच्या विजयानंतर वर्षभरानें, 1740 सालीं, हीं ठाणीं मराठ्यांकडे आलीं. पुढें मुंबई वाढली, खाडींत गाळ सांचला आणि बंदर ओसरलें. तरी माणसें राहिलीं. पूर्वीं 'शनिवार तेली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्राएलांचें प्रार्थनामंदिर रेवदंड्यास आहे. कोर्लईचे ख्रिस्ती लोक आपसांत 'नौ लिंग' – म्हणजे 'आपली भाषा' – ही पोर्तुगीज व मराठीच्या सहवासांतून घडलेली बोली अद्याप बोलतात. दगडी तट ढासळले; बोली मात्र टिकली, याचा आम्हां भाषेच्या उपासकांस विशेष संतोष वाटला.

सायंकाळीं किनाऱ्यावर निळ्या-पिवळ्या होड्या परतत होत्या. नातू बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला व म्हणाला, "म्हणजे आपल्या नगरलाही समुद्र होता तर!" घरीं येतांच आम्हीं नकाशा काढून नगर, जुन्नर व चौल हीं तीन ठिकाणें त्याच्याच हातून एका रेघेनें जोडविलीं. आमच्या हातून शिकून गेलेल्या मुलांचें तें ऋण आतां फिटण्यासारखें नाहीं. पण ज्या घरांत इतिहास शिकणारें एखादें मूल आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं येत्या सुटींत ही एक दिवसाची वाट त्याच्यासह अवश्य चालावी, अशी आमची विनंती आहे.