पहिल्यांदाच कुत्रं पाळताय? आधी घर बघा, मग पिल्लू

गटाच्या बैठका घेत आम्ही वाड्या-वस्त्यांवर फिरतो. हप्ता, बचत, शेळी, कोंबडी हे विषय संपले की गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो, "ताई, घरी कुत्रं आणायचं म्हणतात, कुठलं आणावं?" विचारणारीच्या घरी आजवर कुत्रं नसतं. पाहुण्यांकडे लॅब्राडोर बघितलेला असतो, नाहीतर मुलानं मोबाइलवर पिल्लाचा फोटो दाखवलेला असतो. म्हणून आज त्यावरच बोलू.

कुत्रं घरात आणतो कुणीही, पण त्याला भाकरी घालते बाई. पाणी ठेवणं, घाण उचलणं, माहेरी जाताना त्याची सोय लावणं, हे तिच्याच वाट्याला येतं. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, गावठी कधी त्याहून जास्त. आज पाचवीत असलेला मुलगा कमावता होईपर्यंत ते आपल्या दारात राहणार. म्हणून कुठलं कुत्रं आणायचं हे ठरवताना तुमचा शब्द मोजला गेला पाहिजे.

ठरवण्याआधी घरात बसून चार गोष्टी बोलून घ्या. कुत्रं कशासाठी हवंय, राखणीला की पोरांच्या हौसेला? त्याला राहायला जागा कुठली, अंगण की दोन खोल्या? दिवसभर सगळे रानात गेल्यावर त्याच्याजवळ कोण थांबणार? आणि महिन्याचा खर्च किती झेपेल? शेळी घेताना आपण हिशोब मांडतो, तसाच इथेही मांडायचा. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. पिल्लासाठी गटातून कर्ज काढू नका. शेळीचं कर्ज शेळी फेडते, पिल्लाचं कर्ज आपल्यालाच फेडावं लागतं.

आता जातींकडे येऊ. लॅब्राडोर स्वभावानं गरीब, पोरांत रमणारा. पण तो पंचवीस-तीस किलोचा गडी, खायला भरपूर लागतं. फिरवला नाही तर सुटतो आणि मग पायांचं दुखणं मागं लागतं. शिवाय राखणीला फारसा कामाचा नाही, अनोळखी माणसापुढेही शेपूट हलवतो. जर्मन शेफर्ड हुशार आणि राखणदार खरा, पण त्याला रोज शिकवावं लागतं, पळवावं लागतं. अंगावर दाट केस असल्यानं विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा त्याला सोसत नाही. हस्की तर बर्फाच्या मुलखातला, पत्र्याच्या घरात त्याचे हाल होतात. पगचं नाक चपटं, त्यामुळे उकाड्यात त्याला श्वास घेणंसुद्धा जड जातं. पामेरियन म्हणून मिळणारं पांढरं केसाळ कुत्रं लहान घरात मावतं, पण भुंकतं फार. त्याचे केस रोज विंचरले नाहीत तर गुंता होतो आणि गोचीड दिसत नाही. रॉटवायलर, पिटबुल यांच्या वाटेला पहिल्यांदा पाळणाऱ्यानं जाऊच नये. लहान पोरं असलेल्या घरात तर नाहीच.

आपल्या भागातली नावाजलेली जात म्हणजे कारवान. कर्नाटकातल्या मुधोळ गावावरून तिला मुधोळ हाउंड म्हणतात. अंगावर लांब रेशमी केस असतील तर पश्मी. भारतीय टपाल खात्यानं २००५ साली या जातीचं तिकीट काढलं. सडपातळ अंग, लांब तोंड, वाऱ्यासारखी धाव. ऊन सोसतं, आजारी कमी पडतं. बरगड्या थोड्या दिसतात, म्हणून ते उपाशी आहे असं समजू नका. पण ते पळणाऱ्या जिवामागं धावणारं कुत्रं आहे. मोकळं रान असेल, रोज पळवणारं कुणी असेल, तरच आणा. दिवसभर साखळीला बांधलं तर ते बिघडतं. दारात कोंबड्या असतील तर लहानपणापासून त्यांची सवय लावावी लागते. आणि त्याला घेऊन सशाच्या शिकारीला जाणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

मग पहिल्यांदा पाळणाऱ्या घरानं आणावं तरी काय? बहुतेक घरांना आमचं सांगणं एकच, आपलं गावठी. आपल्या हवेत वाढलेलं, ऊन-पाऊस सोसणारं, कमी खाणारं. कान तिखट, अनोळखी माणूस दिसला की लगेच आवाज देणारं. विकत घ्यावं लागत नाही, त्यामुळे तेच पैसे लसीला लावता येतात. "गावठी कुत्र्यानं काय शोभा येणार?" असं कुणी म्हटलं तर विचारा, रात्री गोठ्यात आवाज झाला की उठणार कोण?

पिल्लू घेताना आधी त्याची आई बघा. आई माणसाळलेली असेल तर पिल्लूही बहुधा तसंच निघतं. पिल्लू दोन महिन्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडू नका. भावंडांशी खेळतानाच ते किती जोरात चावायचं नाही हे शिकतं. विकणाऱ्यांसाठी २०१७ चा नियमही हेच सांगतो, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, शेपटीखालची जागा कोरडी, एवढं बघा. पोट ढोलासारखं असेल तर जंत समजा. टाळी वाजवल्यावर जवळ येणारं पिल्लू निवडा. कोपऱ्यात दडणारं नको आणि सगळ्यांवर धावून जाणारंही नको.

मादी म्हणून नाकारू नका. मादी पिल्लं लोक उकिरड्यावर सोडून देतात, ते का, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. खरं तर मादी घराजवळ राहते आणि राखणही चांगली करते. ती वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, म्हणून तिची नसबंदी करून घ्या. नराचीही केली तर त्याचं भटकणं, भांडणं कमी होतं.

खायला भाकरी, भात, अंडं, थोडं ताक चालतं. कांदा, लसूण, चॉकलेट नको. द्राक्षपट्ट्यातल्या मैत्रिणींनो, द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे आहेत, शेडजवळ लक्ष ठेवा. शिजवलेली हाडंही नकोत, ती फुटून आतड्याला टोचतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जात कुठलीही असो, लस चुकवायची नाही. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस सुरू होते. पार्व्होत रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-चार दिवसांत जातं. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दरवर्षी. जंताचं औषधही सुरुवातीपासून द्यावं लागतं. या तारखा गटाच्या वहीसारख्या एका वहीत लिहून ठेवा.

रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग. माणसात त्याची लक्षणं दिसू लागली की जीव वाचणं जवळपास अशक्य. पण वेळेवर लस घेतली तर तो नक्की टाळता येतो. कुत्रं चावलं किंवा दात-नखं लागून ओरखडा आला, मग ते घरचं लहान पिल्लू का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि सांगितलेले सगळे डोस पूर्ण करा. पोरं मार बसेल म्हणून चावल्याचं लपवतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की रागावणार नाही, पण लगेच सांगा.

जुन्नर, आंबेगाव, अकोले, संगमनेर अशा उसाच्या पट्ट्यातल्या मैत्रिणींना आणखी एक सांगणं. तिथं बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आयतं बोलावणं. त्याला पळताही येत नाही. अंधार पडला की कुत्र्याला बंद गोठ्यात किंवा घरात घ्या.

पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या वस्तीवर किती घरी कुत्री आहेत, त्यातल्या किती जणांना यंदा रेबीजची लस दिली आहे, याची यादी काढा. ती घेऊन गटाच्या दोघी-तिघी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना वस्तीवर येण्यासाठी एक दिवस मागा. एकटीनं कुत्रं घेऊन तालुक्याला जाणं अवघड असतं. पंधरा-वीस कुत्री एका जागी मिळणार असतील तर डॉक्टरांनाही येणं सोपं जातं. ज्या घरी नवीन पिल्लू येणार असेल, त्याचंही नाव त्या यादीत आधीच घालून ठेवा.