हृदयरोग आणि सामाजिक विषमता

हृदयरोग हा सुखवस्तू लोकांचा आजार, अशी समजूत आपल्यामध्ये अद्याप रूढ आहे. जळगाव-भुसावळ मार्गावरील नशिराबादच्या शिवारात मे महिन्यातील एक दुपार काढली, तरी ती डळमळू लागेल. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी शरीर थंड राखण्यासाठी हृदयाला त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते. घामावाटे पाणी गेले की त्याचे श्रम आणखी वाढतात. बागायतदार सावलीत थांबू शकतो. केळीचे घड वाहणारा मजूर रोज बुडेल म्हणून थांबत नाही. मालक कोण आणि मजूर कोण, हे जातीच्या इतिहासाने पुष्कळ अंशी आधीच ठरविलेले आहे.

लहान मुलांमधील संधिवाती हृदयरोगाची कथा याहून दुःखद आहे. त्याचा प्रारंभ साध्या घसादुखीने होतो. एका खोलीत सात-आठ जण झोपतात, तेथे स्ट्रेप्टोकोकस हा जंतू सहज पसरतो. वेळीच पेनिसिलीन मिळाल्यास धोका बहुधा टळतो. न मिळाल्यास काही मुलांची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. सुजलेले सांधे बरे होतात आणि घरचे निश्चिंत होतात. झडप मात्र बिघडलेलीच राहते. कित्येक मुलींच्या बाबतीत ही गोष्ट पहिल्या गरोदरपणात दम लागू लागल्यावर उघडकीस येते.

अशा रोगांचे कारण परिस्थितीऐवजी माणसाच्या रक्तात शोधण्याची खोड सर्वत्र दिसते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांमधील उच्च रक्तदाबाचे खापर दीर्घकाळ त्यांच्या वंशावर फोडले गेले. अखेर २०२० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने समाजरचनेत मुरलेला वंशभेद हे या विषमतेचे मूलभूत कारण असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे वंशाची जागा जातीने घेतली आहे. २०२२ साली भारतातील नऊ राज्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण खानदेशाला लागून असलेला मध्य प्रदेश होता. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार, तर दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आढळले. हे आकडे केवळ हृदयरोगाचे नाहीत. परंतु आर्थिक स्थितीतील फरकाने या तफावतीचा निम्माही उलगडा झाला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. रोजच्या अवहेलनेचा ताण रक्तदाब वाढवितो. उपचारासाठी गेल्यावर कोणाला कशी वागणूक मिळते, हेही वेगळे सांगावयास नको.

मुलाला घसादुखीनंतर ताप आला, सांधे सुजले, तर डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी अवश्य करून घ्यावी. रोग जडल्यास दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झडपेची शस्त्रक्रिया होऊ शकते. इंजेक्शनसाठी बुडालेली आईची रोजंदारी मात्र भरून मिळत नाही.