गल्ल्यावरची वाफ

आषाढात माउलींची पालखी फलटण, बरड करीत नातेपुत्यास मुक्कामी येते, त्या रात्री आमच्या बाजारपेठेतील फळी लवकर मिटत नाही. टोप्या, धोतरजोड्या, पावसासाठी प्लास्टिकचा कागद, असे किरकोळ पण अखंड गिऱ्हाईक असते. चार वर्षांपूर्वी त्याच दिवशी मी गल्ल्यावर होते. बाहेर पावसाळी गारवा होता आणि माझ्या छातीतून एकाएकी वाफ उठली. मान, कानशिले, कपाळ तापले. पदर घामाने चिंब झाला. पाचशेची मोड देताना हिशेब चुकला आणि शंभर रुपये जास्त गेले. ते वारकरी बाबा चार पावलांवरून परत आले, नोट पुढे ठेवून "माउली, जास्त आले" म्हणाले. मागून धाकट्या दीरांचे शब्द आले, "वहिनी, आता तुम्ही घरीच बसा."

ते सहज बोलले होते. पण बावीस वर्षे उधारीची वही सांभाळणाऱ्या बाईला ते वाक्य लागले. त्यानंतर कित्येक दिवस मी प्रत्येक बेरीज तीनदा तपासत असे.

आपल्या घरांत स्त्री दुकानी बसते, परंतु तिचे ते 'कामाचे ठिकाण' आहे असे कोणी मानीत नाही. नोकरदार बाई निदान रजेचा अर्ज तरी करू शकते. आपल्या सुनेने, जावेने, सासूने अर्ज कोणाकडे करावा?

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी ४६-४७ च्या आसपास, पाश्चात्त्य स्त्रियांत ५१ च्या आसपास. त्रास मात्र त्याच्या काही वर्षे आधीच सुरू होतो. इस्ट्रोजेन कमी झाले की मेंदूतील तापमान राखणारे केंद्र अतिसंवेदनशील होते. किंचित उष्णता वाढली तरी ते शरीराला घाम गाळावयास लावते. रात्री तेच झाले की झोप मोडते आणि मोडक्या झोपेवर दुसऱ्या दिवशीची आकडेमोड अडखळते. म्हणजे माझी बुद्धी मंदावली नव्हती, माझी रात्र हरवली होती. अमेरिकेत दीर्घकाळ चाललेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. त्यानुसार वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांना हा त्रास सरासरी सात वर्षांहून अधिक काळ होतो. "चार दिवसांनी जाईल" हे सांत्वन त्यामुळे पुरेसे नाही.

आता आपल्या पेठेची गोष्ट. एप्रिल-मे महिन्यांत माळशिरस तालुक्यातील ऊन, वर पत्रा, मागे कापडाच्या ठाणांनी भरलेले गोदाम. त्यात दुकानाला स्वच्छतागृह नाही. पुरुष कोठेही आडोसा शोधतात. बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. सायंकाळी ती चौविहार पाळते, म्हणजे सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही नाही. दिवसा संकोचाने आणि रात्री नियमाने तहान मारणारी ही बाई रात्रभर घामाने भिजते. डोकेदुखी, मूत्रमार्गाची जळजळ, चक्कर यांचे मूळ अनेकदा येथे असते. नियम मोडावा असे मी म्हणत नाही. दिवसाचे पाणी मात्र दिवसा मिळालेच पाहिजे, आणि पर्युषणात उपवास धरण्यापूर्वी एकदा डॉक्टरांस विचारावे.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ठरावीक संख्येने किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह बंधनकारक करतो. जागेच्या अडचणीमुळे अनेक मालकांनी मिळून एकच सोय करण्यासही तो मुभा देतो. आपली बहुतेक दुकाने त्या संख्येच्या आतील. कायद्यातून ती सुटतात, गरजेतून सुटत नाहीत.

आणखी एक संकोच आहे, तो चौक्याचा. या वयात पाळी दोन महिने येत नाही, मग वीस दिवस जात नाही. मुनिमहाराज गावात आले की चौका लावण्याची हौस असलेली श्राविका "मध्येच अडचण आली तर?" या धास्तीने स्वतःच मागे सरते आणि कारण सांगत नाही. यातील धर्मनिर्णय देण्याचा मला अधिकार नाही. परंतु लांबलेला रक्तस्राव डॉक्टरांना दाखवायचा असतो, लपवायचा नसतो. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त दिसले तरी तपासणी टाळू नये.

"पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हा सल्लाही सर्रास मिळतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या शासकीय पाहणीत ८२ हजारांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. २०१९ मध्ये हे प्रकरण राज्यभर गाजले. खाडा पडू नये, दंड भरावा लागू नये, हे त्यामागचे एक कारण होते. आपल्या घरांत दंड नसतो, पण सल्ला तोच असतो. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात.

हार्मोनच्या गोळ्यांविषयी २००२ च्या अमेरिकन संशोधनानंतर मोठी भीती पसरली. पुढील अभ्यासांनी ती बरीच निवळली. साठीच्या आतील, निरोगी स्त्रीला त्रास तीव्र असेल तर त्यांचा लाभ बहुधा जोखमीहून अधिक असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना मात्र त्या सहसा देत नाहीत. हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञाचा. शेजारणीचा नव्हे, औषध दुकानदाराचाही नव्हे.

मी काय केले? दीरांना बसवून सारे सांगितले. बोलताना माझीच जीभ अडखळली. ते खाली पाहत ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी गल्ल्याजवळ छोटा पंखा लागला. नायलॉनच्या साड्या मी सोडल्या, सुती धरल्या. दुपारचा तिखट रस्सा आणि चहा कमी केला. तीळ, नाचणी, दूध वाढवले. मोठ्या रकमेची मोड दोघांनी मोजायची असे ठरले. स्वच्छतागृहाला मात्र दीड वर्ष लागले. शेजारच्या दोन दुकानदारांशी बोलणी झाली, खर्चावरून एकदा भांडणही झाले. अखेर मागच्या बोळात तिघांत मिळून एक बांधले. त्याची किल्ली आमच्या गल्ल्याशेजारी खिळ्याला असते आणि बाजारच्या दिवशी भाजी विकायला येणाऱ्या बायाही ती मागून नेतात.