सोपाऱ्याच्या गोविंददासाची पोढी

कल्याण–नगर रस्त्यावर मुरबाड आणि टोकावडे मागे पडले की वैशाखरे येते. माळशेजला निघालेल्या गाड्या इथे सहसा थांबत नाहीत. गावापासून थोडे पुढे, उजव्या हाताला, नाणेघाटाची पायवाट फुटते. सातवाहनांच्या काळी सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल जुन्नरकडे जाई तो याच वाटेने. आज मात्र नाणेघाट पाहणारे बहुतेकजण जुन्नरहून गाडीने थेट घाटमाथ्यावर उतरतात, पावसाळ्यात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहतात आणि परततात. त्यांना जागा दिसते, घाट दिसत नाही. ही वाट ज्यांच्यासाठी बांधली ते खालून, ओझ्याच्या जनावरांसह, घामाघूम होऊन येत होते. तिचा इतिहास समजून घ्यायचा तर वैशाखऱ्याच्या बाजूनेच चढले पाहिजे.

वाट सुरुवातीला ओढा ओलांडून झाडीत शिरते. समोर नानाचा अंगठा हा सुळका सतत दिसत राहतो, त्यामुळे दिशा चुकण्याचे भय कमी. मधल्या सपाटीनंतर खरा चढ लागतो. इथे ठिकठिकाणी जुनी दगडी बांधणी आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. रमतगमत चढणाऱ्याला वर पोचायला अडीच-तीन तास लागतात. माथा जवळ आला की कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसू लागतात. काहींत गाळ भरला आहे, काहींत अजून पाणी आहे. दमलेल्या माणसाला आणि जनावराला पाणी नेमके जिथे हवे, तिथे ती खोदलेली आहेत.

माथ्याकडे जाणारी अरुंद नळी सुरू होण्याआधी, कोकणाच्या अंगाला, नाणेघाटाचे प्रसिद्ध लेणे आहे. सुमारे नऊ मीटर लांबी-रुंदीचा हा दालनवजा चौक. यात स्तूप नाही, भिक्षूंच्या खोल्या नाहीत. भिंतींना लागून बसायला दगडी ओटे आहेत. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत लांबलचक लेख कोरलेला आहे. मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता त्यांच्या पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुश्री, कुमार सातवाहन.

लेख आहे तो सातकर्णीची राणी नागनिका, म्हणजेच मूर्तीवरच्या नावातली नायनिका, हिचा. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी येते : गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण ही नाणी. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा उल्लेख आहे. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या किंवा पहिल्या शतकातला असावा यावर बहुतेकांचे एकमत होते. घाटाच्या तोंडाशी हा लेख कोरण्यामागचा हेतू उघड आहे. बंदरातून वर येणाऱ्या प्रत्येकाला, आपण कोणाच्या राज्यात पाऊल ठेवतो आहोत, हे कळावे.

१८२८ मध्ये विल्यम साईक्स हा इंग्रज अधिकारी इथे येऊन गेला आणि लेखाची वार्ता विद्वानांपर्यंत पोचली. तेव्हा ब्राह्मी कोणाला वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेपने ती लिपी १८३७ च्या सुमारास उलगडल्यावर वाचनाची वाट मोकळी झाली. पुढे जुनागढहून मुंबईत आलेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखातल्या संख्याचिन्हांचा बारकाईने अभ्यास केला. दक्षिणेच्या आकड्यांमुळे नाणेघाट हा भारतीय अंकांच्या इतिहासातला फार जुना पुरावा ठरला. इथे शून्य नाही. दहा, शंभर आणि हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत.

राणीच्या लेखापुढे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घाटातल्या एका टाक्यावर मात्र मोजक्या शब्दांचा एक लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, धर्मार्थ दिली, एवढेच तो सांगतो. हा गोविंददास कोण, त्याचा धंदा कोणता, हे लेखात नाही. पण सोपारा म्हणजे आजच्या वसई परिसरातले नालासोपारा, आणि तिथला माणूस इतक्या लांब पाण्याची सोय करतो ते उगाच नव्हे. या वाटेशी त्याचा संबंध असणार. योगायोग असा की नाणेघाटाचे आकडे लावणाऱ्या भगवानलालांनीच १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरून काढला. वाटेची दोन्ही टोके एकाच माणसाच्या अभ्यासात आली.

नळीतून वर आले की दगडी रांजण दिसतो. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात यात टाकत, अशी सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट. ती नाकारण्याचे कारण नाही, पण नागनिकेच्या लेखातून तिला पुरावा मिळत नाही. लेखात देण्याची यादी आहे, घेण्याची नाही. जकात असणारच, कारण हा रस्ता सांभाळायला खर्च होता. भोवतीचे जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले या वाटेवर नजर ठेवूनच उभे आहेत.

व्यापाराची वाट राजकारणाने अडतेही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणबद्दल तक्रारीचा सूर आहे. आधी तिथे रीतसर व्यापार चाले, पुढे सत्ता बदलल्यावर तिथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याची ही झळ. तरीही घाट वाहता राहिला. त्याचे महत्त्व खऱ्या अर्थाने ओसरले ते एकोणिसाव्या शतकात, बोरघाटातून १८६३ मध्ये आणि थळघाटातून १८६५ मध्ये आगगाडी वर गेल्यावर. बैलांच्या पाठीवरचा माल रुळांवर गेला.

माथ्यावर घाटघर लागते. इथे पाणलोट बदलतो. वैशाखऱ्याच्या बाजूचे पाणी काळू नदीतून उल्हासला आणि अरबी समुद्राला मिळते, तर पूर्वेचे कुकडीतून घोड, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला. कुकडीच्या उगमापाशी पूर गावात कुकडेश्वराचे कोरीव कामाने भरलेले प्राचीन देऊळ आहे. पुढे जुन्नरच्या अलीकडे माणिकडोह धरणाचा जलाशय आणि त्यावर चावंडची सावली. मग जुन्नर. १६३० मध्ये शिवरायांचा जन्म झाला तो शिवनेरी गावाला खेटूनच उभा आहे.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि नाणेघाटाचा जमाखर्च इथे जुळतो. लेण्याद्रीवर गिरिजात्मजाच्या दर्शनाला रोज गर्दी असते. त्या शेजारचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिले, असा लेख तिथेच आहे. म्हणजे कल्याणच्या माणसाने घाट चढून इथे धर्मदाय केला. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्याचाही लेख आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी दान देते, परदेशी माणूस पाणी देतो. राजाने वाट सुरक्षित ठेवली, पण ती चालती ठेवली या अनेकांच्या छोट्या देण्याने. यज्ञाच्या हजारो गाई गेल्या; गोविंददासाचे टाके अजून त्याच जागी आहे.

ही वाट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चालावी. पावसात कातळ निसरडा होतो आणि माथ्यावरच्या गर्दीत लेणे नीट पाहता येत नाही. पहाटे वैशाखऱ्याहून निघा, गावातला वाटाड्या सोबत घ्या आणि त्याला योग्य मोबदला द्या. लेण्याच्या भिंतींवर नावे कोरू नका. तिथे आधीच जी नावे आहेत ती दोन हजार वर्षे पुरली आहेत. टाक्यांत बाटल्या आणि प्लास्टिक टाकू नका. मुरबाड आणि जुन्नरच्या गिर्यारोहण मंडळांनी पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने या टाक्यांतला गाळ काढण्याचे काम हाती घ्यावे. नाणेघाटाला नव्या स्मारकाची गरज नाही, त्याला त्याच्या पोढ्यांत स्वच्छ पाणी हवे आहे.