संघाचा सूत्रधार

खेड तालुक्यातील एखाद्या गावी कबड्डीचा सामना रंगात आला, की साऱ्या प्रेक्षकांची दृष्टी चढाई करणाऱ्या गड्यावर खिळते. तो प्रतिपक्षाचा गडी टिपून परतला, की टाळ्यांचा एकच कडकडाट होतो. त्याच वेळी रेषेबाहेर एक प्रौढ मनुष्य शांतपणे बसलेला असतो. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आपला कोणता गडी दमला आहे, प्रतिपक्षाची साखळी कोठे दुबळी आहे, हे तो बारकाईने हेरत असतो. एकेकाळी तोही चढाई करीत असे. आता हातपाय दुसऱ्यांचे आणि विचार मात्र त्याचा असतो.

खेळाडू, कर्णधार आणि मार्गदर्शक या एकाच वाटेवरील तीन पायऱ्या वाटतात. परंतु प्रत्येक पायरीवरचे कर्तव्य निराळे असते. खेळाडूने आपले काम चोख करावे. कर्णधाराने अकरा जणांचा विचार करावा. आणि मार्गदर्शकाने स्वतः मैदानात न उतरता संघाला विजयासाठी सिद्ध करावे. ही तिन्ही कर्तव्ये भारतीय क्रिकेटमध्ये ज्यांनी पार पाडली, अशा मोजक्या पुरुषांत अजित लक्ष्मण वाडेकर यांची गणना होते.

वाडेकरांचा जन्म १ एप्रिल १९४१ रोजी मुंबई येथे झाला. मुलाने गणिताचा अभ्यास करून अभियंता व्हावे, अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती. परंतु मुलाचे मन क्रिकेटमध्ये रमले. डावखुरे फलंदाज म्हणून ते १९५८-५९ च्या हंगामात मुंबईच्या संघातून खेळू लागले. पुढे धावांमागून धावा काढूनही भारताच्या कसोटी संघात स्थान मिळण्यास त्यांना १९६६ सालचा डिसेंबर उजाडावा लागला. इतकी वर्षे ते वाट पाहत राहिले, परंतु त्यांची बॅट थांबली नाही. त्याच हंगामात म्हैसूरविरुद्धच्या रणजी सामन्यात त्यांनी एका डावात ३२३ धावा केल्या. १९६८ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन येथे त्यांनी १४३ धावा काढल्या. हे त्यांचे कसोटीतील एकमेव शतक. परदेशात कसोटी मालिका जिंकण्याचा पहिला मान भारताला याच दौऱ्यात मिळाला.

१९७१ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडावयाचा होता. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकरांची निवड झाली. तोवर भारताने वेस्ट इंडीजला एकाही कसोटीत हरविले नव्हते.

पहिला सामना किंग्स्टन येथे होता. पहिला दिवस पावसात वाया गेला. भारताचे पाच गडी ७५ धावांत बाद झाले, तेव्हा दिलीप सरदेसाई यांनी २१२ धावा करून डाव सावरला आणि धावसंख्या ३८७ वर नेली. वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत आटोपला. भारताला १७० धावांची आघाडी मिळाली. पाच दिवसांच्या सामन्यात २०० धावांची आघाडी असेल, तरच प्रतिपक्षाला लगेच पुन्हा फलंदाजी करावयास लावता येते. यालाच फॉलोऑन म्हणतात. परंतु पहिला दिवस वाया गेल्यामुळे हा सामना चार दिवसांचा ठरला होता, आणि अशा सामन्यात १५० धावांची आघाडी पुरेशी असते. वाडेकरांनी हा नियम ध्यानात ठेवला होता. त्यांनी प्रतिपक्षाचे कर्णधार सोबर्स यांना फॉलोऑन घ्यावयास सांगितले. सामना अनिर्णित राहिला. तथापि आपण या बलाढ्य संघाला वाकवू शकतो, हा विश्वास भारतीय खेळाडूंच्या मनात रुजला. पुढचा, पोर्ट ऑफ स्पेनचा सामना भारताने सात गडी राखून जिंकला, आणि उरलेले सामने अनिर्णित ठेवून मालिकाही जिंकली. एक धावही न काढता, केवळ नियमाच्या ज्ञानाने संघाचे मनोबल कसे वाढविता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ओव्हल मैदानावर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा गडी बाद केले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत कोसळला. विजयासाठी भारताला १७३ धावा हव्या होत्या. अखेरच्या दिवशी, २४ ऑगस्टला, वाडेकर सुरुवातीसच धावबाद झाले. ते तंबूत परतले आणि चक्क झोपी गेले. पुढे सामना जिंकल्याची वार्ता सांगण्यासाठी त्यांना जागे करावे लागले, असे सांगतात. आपल्या सहकाऱ्यांवर कर्णधाराचा एवढा भरवसा होता! इंग्लंडच्या भूमीवर भारताने मिळविलेला हा पहिला कसोटी विजय. मालिकाही भारताचीच झाली. संघ मायदेशी परतला, तेव्हा मुंबईत त्याचे अभूतपूर्व स्वागत झाले.

परंतु लोकांची मर्जी फार चंचल असते. १९७४ साली हाच कर्णधार पुन्हा इंग्लंडला गेला आणि तीनही कसोटी सामने हरून परतला. लॉर्ड्सवर तर भारताचा एक डाव अवघ्या ४२ धावांत संपला. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी हार घातले होते, त्याच जनतेतील काहींनी वाडेकरांच्या घरावर दगड फेकले. १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून इंदूरमध्ये उभारलेल्या भव्य बॅटचीही विटंबना झाली. लवकरच पश्चिम विभागाच्या संघातून वाडेकरांना वगळण्यात आले, आणि त्यांनी क्रिकेटमधून निवृत्ती स्वीकारली. कर्णधार म्हणून त्यांनी १६ कसोटी सामने खेळले. त्यांपैकी चार जिंकले, चार गमावले आणि आठ अनिर्णित राहिले. ज्याने इतिहास घडविला, त्याची अशी बोळवण व्हावी, ही खेदाची गोष्ट होती. वाडेकर मात्र कटुता उराशी धरून बसले नाहीत. स्टेट बँकेतील आपली नोकरी त्यांनी निष्ठेने केली.

सुमारे अठरा वर्षांनी त्यांना पुन्हा पाचारण झाले. या वेळी ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. व्यवस्थापकाच्या हाती ना बॅट असते, ना चेंडू. सराव आखणे, खेळपट्टी पारखणे, प्रत्येक खेळाडूचा स्वभाव ओळखणे आणि कर्णधाराला योग्य सल्ला देणे, हीच त्याची साधने. १९९३ साली इंग्लंडचा संघ भारतात आला. कुंबळे, चौहान व राजू या तीन फिरकी गोलंदाजांवर भिस्त ठेवून भारताने तीनही कसोटी सामने जिंकले. १९७१ मध्येही वाडेकरांनी फिरकीवरच विश्वास टाकला होता. जुना अनुभव असा नव्या पिढीच्या कामी आला.

२७ मार्च १९९४ रोजी ऑकलंड येथे एकदिवसीय सामन्याच्या वेळी सलामीचे फलंदाज सिद्धू यांची मान आखडली. मधल्या फळीत खेळणाऱ्या तरुण सचिन तेंडुलकरने सलामीस जाण्याची परवानगी मागितली. वाडेकर आणि कर्णधार अझरुद्दीन यांनी ती दिली. सचिनने ४९ चेंडूंत ८२ धावा फटकावल्या! त्या दिवसापासून एकदिवसीय क्रिकेटला एक थोर सलामीवीर लाभला. पराक्रम सचिनचा खरा. परंतु तरुणाची उमेद ओळखून त्याला संधी देणे, हेही मार्गदर्शकाचे मोठे काम असते.

व्यवस्थापकाच्या वाट्यालाही पराभव येतोच. १९९६ च्या विश्वचषकात कलकत्त्याच्या उपांत्य सामन्यात भारताचा डाव गडगडला, प्रेक्षकांनी दंगा केला आणि सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला. जनतेचा असा रोष वाडेकरांना नवा नव्हता. पुढे त्यांनी निवड समितीचे अध्यक्षपदही भूषविले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

विजयाचे हार एक दिवस सुकतात आणि पराभवाचे दगडही एक दिवस विसरले जातात. शाबूत राहते ते माणसाने कमावलेले ज्ञान. ते स्वतःच्या खेळासाठी वापरणे चांगलेच. परंतु आपला खेळ संपल्यावर, झालेला अपमान गिळून तेच ज्ञान धाकट्यांच्या हाती देणे, ही त्याहून अवघड गोष्ट होय. वाडेकरांनी ती करून दाखविली.