एक दिवस, एक हजार सव्वीस किलोमीटर

झेल्टवेग हे ऑस्ट्रियातलं लहानसं गाव. तिथल्या हवाई तळावर जुलै 2021 मध्ये क्रिस्टोफ स्ट्रासरने सायकल चालवायला सुरुवात केली. चोवीस तास संपले तेव्हा 1,026 किलोमीटर झाले होते. आपला समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. तो अख्खा पार करायचा आणि वर आणखी सव्वातीनशे किलोमीटर जायचं, तेही एका दिवसात! नेहमीच्या बनावटीच्या सायकलीवर चोवीस तासांत हजाराचा आकडा त्याआधी कुणीच ओलांडला नव्हता. स्ट्रासर तेव्हा अडतीस वर्षांचा होता. बर्लिनच्या बंद पडलेल्या टेम्पलहोफ विमानतळावर 2015 मध्ये 896, ग्रेनखेनच्या बंदिस्त ट्रॅकवर 2017 मध्ये 941, असं करत तो इथवर आला होता.

मला मात्र या आकड्यापेक्षा त्याचं 2009 हे वर्ष जास्त मोलाचं वाटतं. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’त, म्हणजे सायकलवाल्यांच्या ‘रॅम’मध्ये, तो त्या वर्षी पहिल्यांदा उतरला आणि फुप्फुसांनी दगा दिल्यामुळे त्याला ती अर्ध्यात सोडावी लागली. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून निघून मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला पोहोचायचं, अंतर सुमारे 4,800 किलोमीटर. आधी वाळवंटाची कोरडी भट्टी, लगेच कोलोरॅडोत 3,300 मीटरांची वुल्फ क्रीक खिंड. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही, त्यामुळे झोपेचा प्रत्येक तास हिशेबात धरला जातो. स्ट्रासर दिवसाला जेमतेम तासभर झोपायचा आणि मुख्यतः द्रवरूप अन्नावर राहायचा. रात्री मागून येणाऱ्या गाडीतले साथीदार बोलून बोलून त्याला जागं ठेवायचे. या शर्यतीत मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं वर धरवत नाही. मायकेल शर्मर या सायकलपटूवरून या दुखण्याला ‘शर्मर्स नेक’ असं नावच पडलंय.

2011 मध्ये तो जिंकला. 2013 मध्ये आठ दिवसांच्या आत पोहोचणारा तो पहिला, आणि 2014 मध्ये त्याने ती वेळ 7 दिवस 15 तास 56 मिनिटांवर आणली. पुढच्याच वर्षी पुन्हा माघार! एवढ्या विक्रमानंतर रस्त्याच्या कडेला उतरून ‘आता नाही’ म्हणणं किती जड गेलं असेल. पण शरीराचं ऐकलं म्हणूनच 2017, 2018 आणि 2019 ही तीन वर्षं त्याच्या वाट्याला आली, असं मला मनापासून वाटतं. सहावा विजय मिळवून त्याने स्लोव्हेनियाच्या युरे रोबिचचा पाच विजयांचा विक्रम मागे टाकला. ते पाहायला रोबिच नव्हता. 2010 मध्ये पाचवी ‘रॅम’ जिंकल्यावर काही महिन्यांतच तो गावाजवळच्या रस्त्यावर मोटारीच्या धडकेत गेला.

‘रॅम’चा रस्ता आपल्या माणसांच्याही पायाखालून गेलेला आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये जोडीने, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये एकट्याने ‘रॅम’ पूर्ण केली.

आणि मग स्ट्रासरने खेळच बदलला. 2022 मध्ये तो युरोपातल्या ‘ट्रान्सकॉन्टिनेंटल’ शर्यतीत उतरला. इथे मागे गाडी नाही, पाणी हातात देणारं कुणी नाही. ठरलेले टप्पे गाठायचे, मधली वाट स्वतः शोधायची, मिळेल तिथे खायचं, पंक्चरही स्वतःच काढायचं. इतकी वर्षं ज्या साथीदारांच्या आवाजावर रात्री काढल्या, तो आवाज आता नव्हता. बेल्जियममधून निघून बल्गेरियात काळ्या समुद्रापर्यंत तो पहिला पोहोचला. पुढच्या वर्षी ग्रीसमधल्या थेसालोनिकीलाही तोच पहिला होता, वयाच्या चाळिशीत.